जमून राहिलं, हात लावू नये

मिलिंद, तुझ्या शोकसभेत मी तुला उज्ज्वल भविष्याच्या शुभेच्छा दिल्या.

चुकून. सगळं कॉलेज सभागृहात उभं, टेबलावर तुझा फोटो, माईक माझ्या हातात. बोलत बोलत शेवटाला आलो आणि तोंडातून निघून गेलं, "इन्हीं शब्दों के साथ मैं उनके उज्ज्वल भविष्य की कामना करता हूँ." मग माईक खाली ठेवला आणि सवयीनं टाळ्यांची वाटसुद्धा पाहिली. आपल्या भिलाईच्या कॉलेजात कोणी निवृत्त होवो, कोणी नोकरी सोडून जावो, कोणाला पीएचडी मिळो, बोलायला मीच उभा राहतो. जीभ रोजच्या रस्त्यानं गेली. आज वळायचं आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

आधी कोणाला काही समजलं नाही. मग पुढच्या रांगेतून तुझी लेक प्रज्ञा फिसकन हसली, आणि लगेच ओढणी तोंडावर धरून अशी रडली की शेजारच्या बाई घाबरल्या. संघमित्रा वहिनी हसल्या नाहीत आणि रडल्याही नाहीत. त्यांनी माझ्याकडं फक्त पाहिलं. तेच पाहणं, जे मी जन्मभर तुझ्याकडून सोसलं: हा माणूस आपल्याच वाट्याला काहून आला?

लोक मागाहून म्हणाले, जाऊ द्या सर, दुःखात होतं असं. वहिनींना फोन करून माफी मागा. मी मागितली नाही. तुझीही मागणार नाही. कारण मी बोलत होतो तेव्हा सभागृहाच्या मागच्या खोलीत तुझी बाटली उभी होती आणि तिचं भविष्य पूर्ण शिल्लक होतं. चूक झाली ती एवढीच, की शुभेच्छा बाटलीला द्यायच्या होत्या आणि नाव तुझं घेतलं.

तू "शांत झालास" असंही त्या दिवशी कोणीतरी म्हणालं. त्या गृहस्थानं तुला कधी परीक्षेच्या ड्युटीवरून भांडताना पाहिलं नसावं. तू शांत कधीच नव्हतास. आता झालास हे मी का मानावं?

सभा संपता संपता प्राचार्य साहेबांनी घोषणा केली. तुझ्या सन्मानार्थ मागच्या खोलीचा "स्मृति कक्ष" होणार. भिंतींना रंग, मोठा फोटो, फोटोवर लाईट, खाली तुझी खुर्ची. खोलीतलं "सामान" हलवून पेंटर लगेच कामाला लागणार. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या माझ्या वाट्याच्या होत्या, ते असो. पण मला कळेना, जो माणूस सगळा संसार स्मृती नगर नावाच्या वस्तीत करून गेला त्याला आणखी स्मृती कक्ष कशाला? आणि सामान म्हणजे काय? सामान म्हणजे तुझी बाटली.

तुला ठाऊक आहे ते मी आता पुन्हा सांगणार आहे, कारण हे दुसरी माणसंही वाचतील. तू नेहमीप्रमाणे मधे मधे दुरुस्त करून राहिला आहेस असं धरून चालतो.

बाटली कसली, बोटाएवढी काचेची कुपी. तिच्यात पाणी, पाण्यात मीठ, आणि त्या खाऱ्या पाण्यात नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक प्लास्टिकचे गोळे. अर्ध्यांवर धन विद्युत भार, अर्ध्यांवर ऋण. गोळे बनवायचो मी, कारण मी रसायनाचा मास्तर. ते कसे वागतात हे पाहायचास तू, कारण तू भौतिकीचा. प्रत्येक गोळ्याच्या अंगावर लांब रेणूंची लव चढवलेली, म्हणजे दोन गोळे जवळ आले तरी अंगाला अंग लागत नाही. "केसाळ गोळे" म्हणायचास तू. विरुद्ध भाराचे गोळे एकमेकांना ओढतात, आणि सगळं नीट जुळून आलं तर कोणीही न रचता आपले आपण रचले जातात. एकाभोवती आठ विरुद्ध, त्या प्रत्येकाभोवती पुन्हा आठ, ओळीला ओळ लागून. तो स्फटिक. उजेड तिरपा पडला की हिरवा-तांबडा चमकतो, कबुतराच्या मानेसारखा.

"सगळं नीट जुळून आलं तर." या शब्दांमागं आपली उमेद, आपल्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या आणि वहिनींचे दोन चांगले मिक्सर गेले. मिक्सरचं प्रकरण इथं काढत नाही. वहिनी वाचतील.

सुरुवातीलाच मी शहाणपणा केला होता, आठवते? माझं शिक्षण असं की पाण्यात मीठ म्हणजे मळ. तुला न विचारता मी सगळं मीठ धुऊन काढलं, गोळे शुद्ध पाण्यात सोडले आणि समोसे आणायला गेलो. परत येतो तर कुपीत फाटलेलं दूध. खाली पांढऱ्या गुठळ्या, वर पाणी. आणि तू समोर, कुपी उजेडात धरून.

"काय केलं बे दिग्या?"

"मीठ काढलं. आता पाह्य, ओढ कशी घट्ट बसते."

"बसली ना. इतकी घट्ट बसली का आता कोणालेच हालता येऊन नाही राहिलं."

"मग? पक्कं झालं."

"पक्कं नाही, फाटलं. जो ज्याले पहिले भेटला त्यालेच चिपकला. आपली जागा कोणती हे शोधाले टाईमच नाही भेटला कोणाले." आणि मग समोशाकडं पाहून, "चटणी नाही आणली?"

मीठ का हवं हे तू मला त्या दिवशी समजावलंस, आणि रसायनाचा मास्तर असूनही मला ते तेव्हाच खरं समजलं. मीठ ओढ मारत नाही, ते ओढीवर पांघरूण घालतं. गोळा दुरून ओढत नाही, जवळ आल्यावरच ओढतो, आणि तीही हलकी ओढ. लागला, सुटला, सरकला, परत लागला. अशा लाख धरसोडीतून ज्याची त्याची जागा सापडते. मीठ फार असलं तर कोणी कोणाकडं पाहतही नाही. कमी पडलं तर गुठळी. मधल्या एका चिंचोळ्या जागेत स्फटिक. तिथं पोचायचा तुझा उपाय होता सबुरीचा: कुपीच्या तोंडाला पातळ पडदा बांधायचा, ती कमी खाऱ्या पाण्याच्या बरणीत बुडवून ठेवायची, आणि बरणीतलं पाणी बदलत राहायचं. पडद्यातून मीठ हळूहळू बाहेर येतं, गोळे आत राहतात. एक दिवस ती चिंचोळी जागा येते.

या पद्धतीला डायलिसिस म्हणतात. तेव्हा त्या शब्दाचं आपल्याला काही वाटायचं नाही.

ओढ किती हवी यावरून आपलं भांडण मात्र मिटलं नाही. तू म्हणायचास, अजून हलकी कर. मी म्हणायचो, हलकी नको, टिकली पाहिजे. उद्या कोणी टेबलाला धक्का दिला तर? तुझे बाबा पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये, माझे त्यांची हजेरी मांडणारे क्लार्क. आपण दोघं पोलादावर वाढलेली पोरं. मी म्हटलं, "अबे, आपल्या बापांनी रूळ बनवले. गाडी गेली तरी हालत नाही." तू म्हणालास, "उन्हाळ्यात फुगते तो रूळ. दोन रुळांच्या मधात फट सोडा लागते, नाही तं वाकडा होते. माह्या बापाले विचार." तुझे बाबा तेव्हा हयात होते. मी त्यांना विचारायला गेलोही होतो. ते म्हणाले, "मिलिंद बरोबर म्हणते. पण तुमी दोघं मिठाच्या पाण्यात काय करून राहिले ते सांगा." त्यांना सांगत बसलो आणि वहिनींनी दिलेला चहा पार निवला.

कूलरचं तुला विसरता येणार नाही. कूलरनं टेबल थरथरतं म्हणून तू भर मे महिन्यात तो बंद करायला लावायचास. भिलाईचा मे. दोन प्रौढ माणसं, दोन ओले टॉवेल, आणि ज्याला गरमी-सर्दी काहीही कळत नाही अशी एक बाटली. मी म्हणायचो, यापेक्षा आपण भट्टीवर नोकरी केली असती तर बोनस तरी मिळाला असता. तू टॉवेल पिळून परत डोक्यावर ठेवायचास.

आणि ज्या दुपारी पहिल्यांदा हिरवा ठिपका चमकला, तेव्हा तू कोणालाही बोलावलं नाहीस. कुपी तशीच ठेवलीस, मला म्हणालास, "जमलं." मग आपण जुनवानीच्या नाक्यावर तर्री-पोहे खाल्ले आणि तू पूर्ण वेळ त्या एका शब्दावर बोललास. दही जमते, लग्न जमते, गर्दी जमते, आपलं दोघांचं जमते, अन् हेही जमते, पाह्य किती कामाचा शब्द आहे. तर्री तुझ्या शर्टावर सांडली. मी सांगितलं नाही, कारण तू खूश होतास, आणि पुढं वर्गात मुली हसतील तेव्हा मला मजा येणार होती.

पण शब्दांवर प्रेम करणाऱ्या तुला उपमा सहन व्हायच्या नाहीत. त्याला कारण मीच. सामाजिक सद्भावाच्या त्या कार्यक्रमात मी जोशात येऊन म्हणालो, जैसे विपरीत आवेश के कण साथ आकर सुंदर रचना बनाते हैं, वैसे ही मैं और मेरे मित्र मिलिंद. टाळ्या मिळाल्या. तू जिन्यात मला गाठलंस.

"मी कोणता चार्ज बे?"

"म्हणजे?"

"आपल्या दोघांत निगेटिव्ह कोण? मी का?"

"अबे नाही. तू पॉझिटिव्ह हो ना."

"व्हाले मी काय तुह्या परवानगीनं होऊन राहिलो का? अन् विरुद्ध कोणी ठरवलं? माह्या बापानं ठरवलं का तुह्या बापानं?"

माझे आजोबा अमरावतीकडून आले आणि तुझे भंडाऱ्याकडून, एकाच कारखान्याच्या भाकरीसाठी. कोणता भार कोणी कोणावर चढवला, हे तुला शिकवायची माझी लायकी नव्हती. "ते गोळे आहेत दिग्या," तू म्हणालास. "गोळ्यांले माणसं नको करू. माणसांचं बोलाचं असन तं माणसांचं बोल, तोंड उघडून बोल." त्यानंतर आपण माणसांचं बोललो. तोंड उघडून, बरीच वर्षं, वरच्या आवाजात. माझ्याशी इतकं सरळ दुसरं कोणी भांडलं नाही. याचे आभार मानायला मी उशीर केला आहे. आता मानतो, आणि तू नको म्हणणार असशील तरी मानतो.

मग तुझ्या किडन्या गेल्या. आणि ज्या माणसानं उपमांवर बंदी घातली होती त्याच्या हातात नळ्या लागल्या, रक्त यंत्रातल्या पडद्यावरून जाऊन परत येऊ लागलं. मी पहिल्यांदा भेटायला आलो, यंत्राकडं पाहिलं, तुझ्याकडं पाहिलं, आणि तोंड उघडणार इतक्यात तू म्हणालास, "बोलू नको. मी बोलू शकतो, नळ्या माह्या आहेत. मी अन् माही बाटली, दोघंही डायलिसिसवर. झालं? आता तू गप राय."

गप राहिलो. माझ्यासाठी हा विक्रम होता.

शेवटची कुपी तू दोन फेऱ्यांच्या मधल्या एका बऱ्या दिवशी लावलीस. ओढ आजवरची सगळ्यात हलकी ठेवलीस, माझ्या नाकावर टिच्चून. माझ्या हातून लव लांब करून घेतलीस आणि वर म्हणालास की गोळे बरे झाले आहेत, या वेळी तू काही विशेष बिघडवलं नाही. नंतर दवाखान्यातून सूचना आल्या.

"पाणी बदलत राय. मीठ थोडं थोडं कमी कर. घाई नको करू. तुह्यात तेवढं एकच खराब आहे."

"एकच?"

"बाकीचं सांगाले ही नर्स टाईम नाही देऊन राहिली."

मला तेव्हा म्हणायचं होतं, की मिलिंद, हलकी ओढ बरोबर असेल, तुझंच बरोबर असेल. म्हणालो काय, तर "पाहू." आपल्या दोघांच्या बोलण्यातला माझा शेवटचा शब्द "पाहू". एवढा बडबड्या माणूस आणि हाताशी इतका दरिद्री शब्द. त्याचा राग मला अजून आहे, आणि खरं सांगायचं तर थोडा तुझ्यावरही आहे. एवढी घाई तुला कशाची होती? घाई तर माझं खातं होतं ना?

असो. बाटलीचं सांगतो, तुला तेच ऐकायचं असणार.

स्मृती कक्षाची घोषणा झाल्यावर मी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली बनियनच्या आत ठेवली. ऑफिसनं दुसरी किल्ली काढली. मग मी दारावर आणि बरणीवर पाटी लावली. हिंदी किंवा इंग्रजी लिहिण्याइतकी साधी अक्कल चालवायची होती. पण मनात तू होतास, म्हणून हातानं आपल्या बोलीत लिहिलं: "जमून राहिलं. हात लावू नये."

आपल्या अवंती मॅडम तुला माहीत आहेत, मागच्या वर्षी पुण्याहून आल्या, प्रयोगशाळेचा चार्ज त्यांच्याकडं आहे. भली बाई. कॉलेजात मराठी वाचता येणारी माणसं म्हणजे मी, तू आणि त्या. तू गेलास, मी वर्गात होतो. पाटी वाचली त्यांनी.

तास संपवून आलो तर खोली रिकामी. व्हरांड्यात ट्रॉली, ट्रॉलीवर बरणी आडवी, पाणी फरशीवर, आणि तुझी कुपी अवंती मॅडमच्या हातात. पांढरी. दुधासारखी एकसारखी पांढरी. तळाशी हळूहळू धरू लागलेला घट्ट थर कुठं गेला त्याचा पत्ता नाही.

"उंबऱ्यावर ट्रॉली अडखळली हो सर," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी. "पण तुम्हीच लिहिलंय ना, जमून राहिलंय म्हणून? मला वाटलं, जमलं आणि तसंच राहिलं. म्हणजे काम झालं. म्हणून स्टोअरमध्ये जपून ठेवायला नेत होते."

"मॅडम, आमच्याकडं जमून राहिलं म्हणजे जमत आहे, अजून जमलं नाही."

"मग राहिलं काय?"

"जमायचं राहिलं."

"अहो, मग तसं लिहायचं ना!"

"हात लावू नये असं तरी लिहिलं होतं."

कुपी माझ्या हातात देऊन त्यांनी दोन्ही पंजे वर केले. "नाहीच लावला. ग्लोव्हज घातलेत."

मिलिंद, त्या क्षणी मला तू इतका हवा होतास की काय सांगू. हे ऐकायला. तू त्या व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसला असतास आणि हसता हसता तुला ठसका लागला असता. मीही खाली बसलो. हसलो नाही.

तेवढ्यात प्राचार्य साहेब पेंटरला घेऊन आले. खोली रिकामी पाहून त्यांना बरं वाटलं. मी उठलो, फोटोखाली मांडायला म्हणून खोलीत तेवढी ठेवलेली तुझी खुर्ची दारात आडवी टाकली आणि तिच्यावर बसलो. या वयात, या पोटासकट, विद्यार्थ्यांसमोर.

"सर, यह क्या बचपना है?"

"प्रयोग चल रहा है, सर."

"देखिए, हम सब दुखी हैं. पर अब प्रयोग करने वाले तो..." ते थांबले. सभ्य माणूस आहे.

"करने वाले नहीं रहे. गोले हैं. गोलों को किसी ने बताया नहीं है, सर."

"दिगंबर जी, कमरा उन्हीं के सम्मान में बन रहा है."

"तो पहले उनका काम बाहर फेंकेंगे, फिर उनको माला पहनाएँगे?"

पेंटर डबा खाली ठेवून मजेत ऐकू लागला. व्हरांड्यात खाली बसलो तेव्हा मी वहिनींना फोन लावला होता, तो चालूच राहिला होता हे मला माहीत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं. थोड्या वेळानं प्रज्ञाच्या स्कूटीवर मागं बसून स्वतःच आल्या. सुती पांढरी साडी, पायांत घरातल्याच चपला. प्राचार्यांना नमस्कार केला. "जय भीम, सर. फोटो को कमरा नहीं लगता, कील लगती है. बरामदे में ठोक दीजिए. और माला मत डालिए, सूखने के बाद कोई निकालता नहीं."

साहेब काही तरी म्हणणार होते. वहिनी थांबल्या, ते म्हणतील म्हणून वाट पाहिली. साहेबांनी पेंटरला डबा उचलायला सांगितलं. तू नेहमी म्हणायचास की तुझ्या घरात खरी भौतिकी वहिनींना येते, धक्का कुठं द्यायचा ते. प्रॅक्टिकल परीक्षेपर्यंत खोली आमची राहील, त्यानंतर पाहू, असं ठरलं. साहेबही "पाहू"च म्हणाले. माझ्याच जातीचा शब्द.

खोली वाचली, पण आत ठेवायचं काय? मी प्रज्ञाला पांढरी कुपी दाखवली. म्हटलं, "गेलं बेटा. सगळं मोडलं. तुझ्या बाबाचं शेवटचं होतं."

तिनं ती उजेडात धरली, अगदी तुझ्यासारखी, एक डोळा बारीक करून. ती रायपूरला बँकेत, गोळ्यांशी तिचा संबंध एवढाच की लहानपणी जेवताना ऐकून ऐकून तिचे कान किटले. "काका, पापा और आप रोज काहे पे लड़ते थे? टाईट रखना है कि ढीला रखना है, वही ना?"

"हो."

"तो इसमें किसका रखा है?"

"तुझ्या बाबाचं. ढीलं."

"अन् तुमचं वालं असतं, टाईट, अन् मॅडमच्या हातून पडलं असतं, तं?"

"तर गुठळ्या झाल्या असत्या. मोडून तुकडे. तुकड्यांचं परत काही होत नाही, ते सुटत नाहीत ना एकमेकांपासून. म्हणून..."

आणि तिथं माझं तोंड उघडंच राहिलं. मी प्रोफेसर आहे, मिलिंद. मुलांना शिकवतो. जे तू मला इतकी वर्षं सांगून थकलास, ते मी तुझ्या बँकवाल्या लेकीला स्वतःच समजावून सांगत होतो आणि सांगता सांगता मला समजत होतं. हलकी ओढ धक्क्यानं मोडते. मोडते तेव्हा गोळे सुटे होतात, त्यांची गुठळी होत नाही. आणि सुटे झालेले गोळे पुन्हा धरतात, मीठ तेवढंच असेल तर. पडदा फाटला नव्हता. कुपीतलं मीठ तेवढंच होतं. ज्या धक्क्याची भीती घालून मी तुला अडवत आलो, तोच धक्का लागला होता, आणि त्या धक्क्यासाठी तुझी ओढ तयार होती.

"तं मग?" प्रज्ञा म्हणाली. "रडून काहून राहिले तुम्ही?"

आम्ही बरणी भरली, त्याच खारटपणाचं पाणी. कुपी परत उभी केली. कूलर बंद. अवंती मॅडमनी व्हरांड्यातून ट्रॉली न्यायला बंदी केली आणि त्याबद्दल कोणाचं काही ऐकून घेतलं नाही. नवी पाटी त्यांनीच लावली, प्रमाण मराठीत, शिवाय हिंदीत आणि इंग्रजीत: "स्फटिक तयार होत आहेत. कृपया कोणत्याही प्रकारे स्पर्श करू नये, हातमोजे घालूनही नाही."

मी कोहक्याच्या घरून सकाळी लवकर येऊ लागलो. पाहायचो, काही नाही. दुपारी पाहायचो, काही नाही. तुझी शिस्त पाळली, मीठ कमी करायला हात शिवशिवायचा तरी केलं नाही. घाई न करणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कष्टाचं काम निघालं. ओला टॉवेल डोक्यावर घेऊन मी नुसता बसायचो आणि तुझ्याशी भांडायचो. तुझ्या बाजूचं बोलणंही मलाच करावं लागायचं आणि तरी तू जिंकायचास, हे मला बरं वाटत नसे. काही लोक दारातून डोकावून जात. एकानं हळूच विचारलं, सर, अब छोड़ भी दीजिए, कितने दिन पकड़ के बैठेंगे? मी म्हटलं, पकड़ के नहीं बैठे हैं, ढीला ही पकड़े हैं. त्याला काही कळलं नाही.

आणि मिलिंद, आज दुपारी जाळीतून उन्हाचा तिरपा पट्टा टेबलावर आला तेव्हा कुपीच्या तळाशी हिरवं काहीतरी लुकलुकलं. मी डोकं डावीकडं केलं, ते तांबडं झालं. उजवीकडं केलं, परत हिरवं. एक नाही, बरेच. आजवर आपल्याकडं जमले त्यांतले सगळ्यात मोठे. तुझं बरोबर होतं. हे बघ, मी लिहून देतो, सहीनिशी: तुझं बरोबर होतं, माझं चूक, आणि हे ऐकायला तू थांबला नाहीस याबद्दल मी तुला माफ करणार नाही. या खोलीत तुझा फोटो लागणार नाही, मी असेपर्यंत. पुढची कुपी मी लावणार आहे, त्याहून हलकी. गोळे तयार आहेत. फाटलं तर परत लावीन.

वहिनींना फोन केला. त्या आणि प्रज्ञा लगेच आल्या, अवंती मॅडमही धावत आल्या. तोपर्यंत उन्हाचा पट्टा सरकून गेला होता, म्हणून वहिनींनी मोबाईलची टॉर्च लावली आणि वाकल्या. मी कुपीशेजारी उभा राहिलो. मला वाटलं, या क्षणाला कोणीतरी दोन शब्द बोलायला हवेत, आणि ते काम माझंच. घसा साफ केला. तुझी बंदी मी या एका वेळेपुरती मोडणार होतो, ऐकायला तू नव्हतास म्हणून नाही, तर तू ऐकून चिडावंस म्हणून.

"वहिनी," मी म्हटलं, पुढं झुकून, "पाहा. मोडलं होतं, सगळं विखुरलं होतं, तरी एकेका कणानं परत आपली जागा..."

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, टॉर्च न हलवता, "तुमचं टक्कल चमकून राहिलं मधात. सरका तिकडं, बाटली दिसू द्या."